काटा धरेपर्यंत

हलव्याला कोरडी थंडी लागते. आभाळ आलं, हवेत ओल राहिली, की पाक दाण्यावर बसतो पण वाळत नाही; दाणा नुसता जड होतो, गुळगुळीत राहतो आणि काटा धरत नाही. वऱ्हाडातली थंडी या कामाला मानवते. पहाटे बोटं आखडतात, दुपारी ऊन कोरडं पडतं, वाऱ्यात ओल नसते. म्हणून कारंज्यातल्या आमच्या घरी हलव्याची परात संक्रांतीच्या पंधरा-वीस दिवस आधी माळ्यावरून खाली यायची आणि रथसप्तमी झाली की चिंचेनं घासून पुन्हा वर जायची.

ही परात मोठ्या आईची. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात. २०१४ च्या नोव्हेंबरात, थंडी पडायच्या सुमारास ती गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत तिच्या आठवणीसाठी म्हणून आम्ही हलवा करायला लागलो, तो अजून चालू आहे. या काळात हलवा करण्याची आमची रीत फारशी बदलली नाही, पण तो कुणाला द्यायचा हे बदललं. ते कसं बदललं, याचा हा मागोवा.

परातीच्या आधीचा काळ

मोठी आई लग्न होऊन कारंज्याला आली तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. कारंजा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. माहेर दारव्ह्याचं. माहेरी जायचं ते शकुंतलेनं. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ही नॅरोगेज गाडी कारंज्यावरून दारव्ह्याला जायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. मोठ्या आईच्या हलव्याचा पितळी डबा दर संक्रांतीला त्याच गाडीनं दारव्ह्याला जायचा आणि तिळाच्या वड्या भरून परत यायचा.

साठ आणि सत्तरच्या दशकांत साखर रेशनकार्डावर मोजून मिळायची. घरात माणसं जास्त, साखर कमी. हलव्याला साखर भरपूर लागते, कारण मधला दाणा तिळाचा किंवा खसखशीचा, बाकी सगळी साखरच. मोठी आई दसऱ्यापासून साखर बाजूला काढायची. चहा गुळाचा व्हायचा, दिवाळीची करंजी जरा अगोड लागायची, पण संक्रांतीच्या डब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. १९७२ च्या दुष्काळात लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते. त्या वर्षीही तिनं मूठभर हलवा केला, कारण समोरच्या घरात पहिल्याच पोराचं बोरन्हाण होतं. ही गोष्ट मला त्या पोरानंच सांगितली. आता त्यांना नातवंडं आहेत.

गल्लीतल्या प्रत्येक लेकराच्या बोरन्हाणाला हलवा तिचा. नवीन सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने तिचे. एकेक दाणा दुहेरी दोऱ्याच्या गाठीत अडकवून ती माळा ओवायची: मुलासाठी मुकुट, बासरी, बाजूबंद, सुनेसाठी तन्मणी, ठुशी, नथ, कंबरपट्टा. काळ्या झबल्यावर पांढरा हलवा शोभून दिसतो, म्हणून झबल्याचं कापडही तीच निवडायची. पैसे घेत नसे. ज्यांची ऐपत असे ते साखर आणून देत, ज्यांची नसे त्यांना ती विचारतही नसे.

मोठे बाबा गेले तेव्हा ती तिशीत होती. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर संक्रांतीच्या दिवसांत तिची जागा ठरून गेली. ओसरीवर हळदीकुंकू, बैठकीत बोरन्हाण, आणि मोठी आई आत, चुलीपाशी. लेकराला पाटावर बसवायचं, पाच सवाष्णींनी ओवाळायचं, मग डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि हलवा ओतायचा. पोरांची झुंबड उडायची. दाराआडून ती ऐकत असायची. माझ्या आईनं एकदा तिला बाहेर बोलावलं, तर म्हणाली, “मी आतच बरी वं. तिकडं हलवा कमी पडला तर मले हाक मार.”

आतच बरी असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. त्या काळी कारंज्यात काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हेच मान्य होतं. ज्या हातांच्या हलव्याशिवाय गल्लीतलं एकही हळदीकुंकू पुरं होत नव्हतं, त्या हातांना हळद लागत नव्हती.

गोड न करण्याचं वर्ष

२०१५ ची संक्रांत आमच्या घरी झाली नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण धरत नाहीत. तिळगूळ आपण करायचा नाही, कुणाला द्यायचा नाही; शेजारपाजारचे, सोयरे आणून देतात तो घ्यायचा. या रिवाजात शहाणपण आहे. दुःखातल्या घरानं चूल फुंकत उत्साह आणायचा नाही, गोडाचा भार इतरांनी उचलायचा. त्या वर्षी गल्लीतून आलेल्या तिळगुळाच्या वाट्यांनी आमचं फडताळ भरलं. हलवा मात्र कुणाच्याच वाटीत नव्हता, कारण तो करणारी गेली होती.

वर्षश्राद्ध नोव्हेंबरात आलं. तिचं सगळं माझ्या भावानं केलं, पुतण्या म्हणून. स्वयंपाकाची यादी करताना नेहमीचा प्रश्न निघाला: गेलेल्या माणसाच्या आवडीचं काय करायचं? आजोबांच्या श्राद्धाला अळूवडी असते, वडिलांच्या पानावर भरल्या वांग्यांचा हट्ट असतो. मोठ्या आईला काय आवडायचं?

कुणालाच सांगता येईना. ती काय करायची, हे प्रत्येकाला पाठ होतं. पुरणपोळी तिच्यासारखी कुणाची नाही, वांग्याचं भरीत तिच्या हातचं, कढीगोळे तिचे, सांडगे तिचे. एका मागून एक पदार्थ निघत गेले आणि सगळे तिनं दुसऱ्यांसाठी केलेले. तिला विचारलं की तिचं उत्तर एकच असे, “मले सारंच चालते.” ती सगळ्यांत शेवटी जेवायची. उरेल ते तिच्या पानात. त्यातलं तिला काय हवंसं वाटायचं, हे बघायला तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नसायचं.

पितृपक्षातही हाच अडसर. भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. त्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. मोठ्या आईला ती तिथी नाही. तिचं पान सर्वपित्रीला, सगळ्यांच्या सोबत. जिवंतपणी जी रेघ तिच्यासाठी आखली होती, ती पंचांगातही तशीच होती.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं परात काढायला सांगितली. “तिच्या आवडीचं ठाऊक नाही ना? मग तिनं जे केलं ते तरी करा.”

पहिला हिवाळा

मोठ्या आईनं प्रमाण कधी लिहून ठेवलं नव्हतं. मला तिच्या शेजारी बसून पाहिलेलं आठवत होतं, आईला पाकाची खूण माहीत होती आणि मोठ्या आईच्या दारव्ह्याच्या धाकट्या बहिणीला, आमच्या मावशीला, उरलेलं. तिघींच्या आठवणी जोडून जी रीत उभी राहिली ती अशी.

तीळ स्वच्छ करून, हलके भाजून घ्यायचे. एक किलो साखर बुडेल इतकंच पाणी घालून पाक उकळायचा. उकळी आली की दोन चमचे दूध सोडायचं. दुधाबरोबर साखरेतली मळी वर येते ती पळीनं काढून टाकायची. पाक पांढरा स्वच्छ झाला की लिंबाचे थेंब टाकायचे, एकतारीच्या आसपास उतरवायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचा. शेगडीत कोळशाचे चार निखारे, त्यावर राख, आणि वर परात. परातीत मूठभर तीळ. त्यावर अर्धा चमचा पाक. मग बोटांच्या टोकांनी दाणे सारखे गोल फिरवत राहायचं. पाक सुकला, दाणे सुटे झाले, की पुढचा अर्धा चमचा. दोन-तीन तासांनी थांबायचं, परात फडक्यानं झाकायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. पहिले दोन दिवस तीळ नुसतेच पांढरे होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याच्या अंगावर बारीक पुरळासारखं काही उठतं. ती काट्याची सुरुवात.

काटा का येतो, हे मला पुढं वाचून कळलं. पाक सगळीकडे सारखा बसत नाही. पाणी उडालं की साखरेचे स्फटिक होतात आणि जिथं जरासा उंचवटा झाला तिथं पुढचा पाक आधी लागतो, आधी वाळतो. उंचवटा आणखी वाढतो. आच जास्त झाली तर पाक टेकायच्या आत कोरडा होतो किंवा साखर वितळून काटा मोडतो. मोठी आई हे एका वाक्यात सांगायची, “आच वाढली का काटा पयते, पोरी.” जपानात कोंपेइतो नावाची खडीसाखरेसारखी मिठाई आहे, तिलाही असेच काटे असतात. पोर्तुगीज धर्मप्रसारक लुईस फ्रॉइस यानं १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिली होती. आजही हातानं केलेल्या कोंपेइतोला दोन आठवडे लागतात. तिथल्या कारागिरांच्या तापलेल्या, तिरप्या, फिरत्या कढईचं काम आमच्याकडे परात आणि दहा बोटं करतात.

२०१६ च्या जानेवारीत आमची परात लागली तेव्हा चार दिवस ढगाळ होतं. आभाळ निवळलं तशी हवा कोरडी झाली आणि आधीच्या गुळगुळीत दाण्यांनी संक्रांतीच्या आदल्या सकाळी काटा धरला. बोटांची टोकं पोळून लाल झाली होती. मोठ्या आईच्या बोटांची कातडी कायम जाड असायची. ती चुलीनं झाली असेल असं आम्हाला लहानपणी वाटायचं. ती या परातीनं झालेली होती.

त्या वर्षी हलवा डबाभरही झाला नाही. पण गल्लीत दोन लेकरांची बोरन्हाणं होती आणि दोन्ही घरी तो गेला. एका घरच्या आजींनी दाणा हातावर घेऊन काटा तपासला, तोंडात टाकला आणि मोठ्या आईच्या नावानं डोळ्याला पदर लावला.

बोरांचा शोध

दारव्ह्याची मावशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हलव्याच्या दिवसांत आमच्याकडे राहायला येऊ लागली. शकुंतला बंद पडली होती, ती एसटीनं येई. परातीपाशी बसलं की हात गुंततात आणि तोंड मोकळं राहतं. हलवा करण्यात किती बोलणं होतं, हे करून पाहिल्याशिवाय समजत नाही. मोठ्या आईचं सगळं बालपण मला त्या परातीपाशी कळलं. तिला पोहता येत होतं. चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. आणि तिला बोरं फार आवडायची.

“बोरांसाठी मार खाल्ला तिनं,” मावशी म्हणाली. “शेताच्या धुऱ्यावर बोरी होत्या. शाळा बुडवून जायची. आंबट बोर, मीठ-तिखट लावून. ओटा भरून आणायची.”

हे ऐकल्यावर मला बोरन्हाणानंतरची बैठक आठवली. पोरं हलवा, चॉकलेटं, उसाचे तुकडे वेचून पळायची. बोरं तशीच जमिनीवर राहायची, कारण बोरांचं त्यांना अप्रूप नव्हतं. माणसं उठून गेली की मोठी आई केरसुणी घेऊन बाहेर यायची आणि झाडण्याआधी ती बोरं ओच्यात वेचून घ्यायची. आम्हाला वाटायचं, अन्न पायदळी जाऊ नये म्हणून ती वेचते.

बोरं पौष-माघात येतात. तिची वर्षाची तिथी कार्तिकात, पितृपक्ष भाद्रपदात. त्या दिवसांत बोरीला फुलोरा किंवा कच्ची फळं. तिच्या आवडीची वस्तू श्राद्धाच्या पानात कधीच येऊ शकली नसती. तिची खरी आठवण काढण्याचे दिवस हेच, हलव्याचे. तेव्हापासून परात लागली की पहिल्या दिवशी आंबट बोरांची एक वाटी, मीठ-तिखट लावून, तिच्या नावानं शेगडीपाशी ठेवतो आणि काम संपलं की हलवा करणाऱ्या सगळ्या बायका ती बोरं खातात.

पुड्यांची संक्रांत

२०२० च्या मार्चनंतर सगळंच थांबलं. २०२१ च्या संक्रांतीला लोक एकमेकांच्या घरी जायला धजत नव्हते. लसीकरण सुरू झालं तेच संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, १६ जानेवारीला. हळदीकुंकू नाही, बोरन्हाण घरातल्या घरात. त्या वर्षी आम्ही हलवा कागदाच्या पुड्यांत बांधला आणि दाराच्या कडीला अडकवून आलो. एका दारी पुडी लावली की पुढं निघायचं, आतून हात दिसायचा. फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, शेजारच्या जिल्ह्यांतही रुग्ण वाढत गेले. एप्रिल-मे मध्ये आमच्या गल्लीतले चार पुरुष गेले. त्यांतल्या दोघांच्या बायका तिशीतल्या होत्या. पदरी लहान मुलं.

राज्यानं त्या वर्षी कोरोनात नवरा गमावलेल्या बायकांसाठी मिशन वात्सल्य सुरू केलं. कागदपत्रं, वारसनोंदी, मदतीचे अर्ज, यासाठी तालुक्याच्या कचेरीत त्या दोघी जाताना दिसायच्या. कागदांची कामं मार्गी लागत होती. गल्लीतल्या सणावारांतलं त्यांचं स्थान मात्र जुन्याच रीतीनं ठरत होतं. त्यातली एक जण नवऱ्याच्या दहाव्यानंतर आमच्या ओसरीवर आली तेव्हा उंबऱ्याबाहेर थबकली. तिला कुणी थांबवलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेलं तिच्या पायांना माहीत होतं.

त्या क्षणी माझ्या आईला मोठी आई दिसली. तिनं नंतर एवढंच म्हटलं, “अजून एकीला आत बसवायचं नाही.”

ओसरीवर कोण

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी आमच्या घरी मोठ्यानं वाचली गेली. ठरावानं माणसांची मनं एका रात्रीत बदलत नाहीत, हे खरं आहे. पण ज्या बाईच्या मनात बोलवायचं आहे आणि लोक काय म्हणतील म्हणून हात अडतो, तिच्या हाताला अशा ठरावाचा आधार होतो. कुठल्याशा गावानं केलंय, सरकारनं सांगितलंय, एवढं वाक्य गल्लीत पुरतं.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तो कारंज्याजवळून जातो. नागपूरला नोकरी करणारी माझी भाची आता शनिवारी निघून दोन-अडीच तासांत घरी येऊ लागली आणि परातीवर तरुण बोटं आली. २०२३ ची संक्रांत रविवारी होती, १५ जानेवारीला. त्या दिवशी आम्ही ओसरीवर सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. सवाष्ण, विधवा, एकटी राहणारी, लग्न न केलेली, सगळ्या. निमंत्रण माझ्या आईनं स्वतः घरोघरी जाऊन दिलं. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, आणि वडील गेल्यापासून तीही आत बसणाऱ्यांतलीच होती.

सगळ्या आल्या नाहीत. दोन घरांतून निरोप आला की आम्हाला हे पटत नाही. आलेल्यांतही काही जणी आधी अवघडल्या. एक आजी हळदीचं बोट पुढं झालं तशी मान मागं घेत म्हणाल्या, “मले नको, मायबाई, चाळीस वर्षं झाली.” माझ्या भाचीनं आग्रह धरला नाही. तिनं त्यांच्या हातावर हलवा ठेवला आणि शेजारी बसली. अर्ध्या तासानं आजींनी स्वतःच कोयरी ओढली आणि एक बोट हळद कपाळाला लावली. त्या दिवशीचं वाण प्रत्येकीला सारखं होतं: हलव्याची पुडी, बोरं आणि एक वही. वही अशासाठी की तीत आपल्या आवडीचं लिहायचं.

गेलेली माणसं आणि लेकरं

याच काळात मला सिसिली बेटावरच्या एका रिवाजाची माहिती मिळाली आणि ती मनात घर करून राहिली. तिथं १ आणि २ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात आणि लेकरांसाठी मिठाई ठेवून जातात, असं मुलांना सांगतात. सकाळी मुलं उठून शोधतात. बदामाच्या लगद्याची रंगीत फळं असतात आणि पूपी दि झुक्केरो म्हणजे साखरेच्या बाहुल्या असतात. मेक्सिकोतही त्याच दिवसांत साखरेच्या कवट्या करून, त्यांवर नावं लिहून गेलेल्यांच्या वेदीवर मांडतात. युनेस्कोनं २००८ मध्ये तो सण जगाच्या सांस्कृतिक वारशात घेतला.

आपल्याकडे गेलेल्यांना आपण जेवू घालतो. कावळ्याला घास, गाईला पान, ब्राह्मणाला भोजन. यात मोठी कृतज्ञता आहे आणि ती मला मोलाची वाटते. पण मोठ्या आईसारखं माणूस या चौकटीत नीट बसत नाही. तिला खाऊ घालायचं म्हटलं तर तिच्या आवडीनिवडी आपण कधी विचारल्याच नाहीत. तिचा आनंद देण्यात होता, असंही मी म्हणणार नाही, कारण तिच्यासमोर दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता. मला एवढं दिसतं की ती गेल्यावरही तिच्याकडून लेकरांना काही मिळत राहावं, हा सिसिलीतला भाव तिला शोभतो. आमच्या गल्लीत आज ज्या लेकराचं बोरन्हाण होतं, त्यानं तिला पाहिलेलंही नाही. तरी त्याच्या डोक्यावरून ओतलेला हलवा तिचाच म्हणून ओळखला जातो. “मोठ्या आईचा हलवा” असं पोरं म्हणतात, आणि ती कुणाची मोठी आई हे त्यांना ठाऊक नसतं.

आता

बाजारात आज हलवा सहज मिळतो. यंत्राच्या फिरत्या भांड्यात तो मणानं तयार होतो, हलव्याचे दागिने ऑनलाइन येतात. ज्यांना वेळ नाही त्यांनी तो घ्यावा. लेकराचं बोरन्हाण व्हावं, हे महत्त्वाचं. शेतातला तीळ कमी झाला, धुऱ्यावरच्या बोरी गेल्या, जिथं पाहावं तिथं सोयाबीन. तीळही दुकानातूनच येतो. तरी ज्या घरातून असं एखादं माणूस गेलं असेल, त्या घरानं एकदा तरी परात लावावी असं मला कळकळीनं वाटतं. फोटोला हार घातला की एका मिनिटात आपण मोकळे होतो. परातीपाशी चार सकाळी बसावं लागतं, आणि त्या चार सकाळींत गेलेल्या माणसाबद्दल जे बोललं जातं ते दुसरीकडे कुठं बोललं जात नाही. मोठ्या आईला पोहता येत होतं, हे मला तिच्या हयातीत कळलं नाही. तिच्या परातीनं सांगितलं.

या सगळ्या वर्षांतून माझ्यापुरतं जे उरलं ते असं. गेलेल्या माणसाच्या आठवणीला दोन बाजू असतात. तिनं जे केलं ते करत राहणं ही एक. ती सोपी आहे, हात शिकले की होते. तिला जे मिळालं नाही ते तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाला मिळेल असं पाहणं ही दुसरी. या दुसऱ्या बाजूला वेळ लागतो आणि घरातल्यांशी, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. नुसती पहिली केली तर मोठ्या आईचा हलवा टिकतो आणि मोठी आई आतच बसलेली राहते. तेव्हा पुढच्या संक्रांतीसाठी आमच्या घरी ठरलेलं असं आहे: बोलावणं सगळ्यांना, पहिला मान नुकतंच माणूस गमावलेलीला, आणि ज्या दोन घरांनी नको म्हणून सांगितलं होतं त्यांच्या दारीही पुन्हा जायचं. त्यातलं एक घर गेल्या संक्रांतीला आलं.

वही वाटायची पद्धतही चालू ठेवली आहे. तीत बायका आपल्या आवडीचं लिहितात: कुणाला शिळ्या भाकरीचा कुस्करा दह्यात, कुणाला कैरीचा ठेचा, कुणाला थंड साखरभात, कुणाला गल्लीच्या तोंडाशी मिळणारी भेळ. माझ्या आईनं सुरुवातीला लिहिलं, सारंच चालतं. भाचीनं ते तिच्यासमोर खोडलं आणि पुन्हा विचारलं. बराच वेळ विचार करून आई म्हणाली, तिला खरवस आवडतो, आणि तो तिनं कधी स्वतःसाठी मागितला नाही. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका गवळ्याकडे गाय व्यायली, आणि आम्ही चीक आणून खरवस केला. पहिली वाटी आईला दिली, ती जेवायला बसलेली असताना, सगळ्यांच्या आधी.